जुनी ठेवू की नवी घेऊ?

लिनक्सचं अपग्रेड निम्मं झालेलं असतं. पडद्यावर ओळी भराभर वर सरकत असतात आणि मध्येच सगळं थांबतं. प्रश्न येतो: अमुक सेटिंगची फाइल तुम्ही किंवा तुमच्या एखाद्या प्रोग्रॅमने बदललेली आहे, पॅकेज तयार करणाऱ्यानेही तिची नवी आवृत्ती पाठवली आहे, आता काय करू? वाय दाबलं तर नवी बसेल. एन दाबलं तर तुमची राहील. डी दाबलं तर दोघींतला फरक दिसेल. झेड दाबलं तर टर्मिनल उघडेल, तिथे जाऊन हवं ते तपासून या. नुसतं एंटर दाबलं तर तुमची जुनी तशीच राहील.

लोक एंटर दाबतात. दुसरा एक पंथ आहे तो न वाचता वाय दाबतो, कारण नवं ते चांगलं. डी कोणी दाबत नाही. आजचं भांडण त्या न दाबलेल्या डीसाठी आहे.

बेंगळुरूच्या चामराजपेटेत हे भांडण करायला कारण आहे. दहाव्या चामराजेंद्र वडियारांच्या नावाने १८९२ साली वसलेला हा भाग. १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद इथेच, पंपा महाकवी रस्त्यावर आहे. छापखाने, बाइंडिंगवाले, डीटीपीचं एकच टेबल मांडून बसलेली अरुंद दुकानं हा इथला रोजचा व्यवहार. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या शहरात मराठी बोलणारी घरं आहेत, त्यामुळे कन्नड पत्रिकेच्या कामामागोमाग एखादी मराठी पत्रिका, एखाद्या मंडळाचा अहवाल, पुण्यतिथीचं पत्रक त्याच टेबलावर येतं. कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तीन भाषा एकाच कीबोर्डवरून उतरतात. त्या कशा उतराव्यात, कोणत्या फॉन्टात, कोणत्या प्रिंटरवर, हे सगळं कुठल्या ना कुठल्या सेटिंगच्या फाइलीत लिहिलेलं असतं. दुकानदाराला ती फाइल ठाऊक नसते. ती बिघडली की काम थांबतं तेवढं कळतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. उत्तम चालणारी यंत्रं एका तारखेला कालबाह्य ठरली. अशा यंत्राची हार्ड डिस्क एसएसडीने बदलून त्यावर उबुंटू किंवा मिंट बसवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे आणि मी तो कोणालाही सांगेन. पण लिनक्स एकदा बसवून विसरता येत नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, तिला पाच वर्षांचा नेहमीचा पाठिंबा असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिन्यांचा. म्हणजे तो प्रश्न आज ना उद्या पडद्यावर येणारच.

प्रश्न कधी येतो हेही नीट बघण्यासारखं आहे. डेबियन आणि उबुंटूचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, डीपीकेजी, आपल्याबरोबर आलेल्या प्रत्येक सेटिंग-फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला एक छोटा ठसा, जपून ठेवतो. तुम्ही फाइलीला हात लावलेला नसेल आणि पॅकेजवाल्याने बदल केला असेल, तर नवी फाइल गुपचूप बसते. तुम्ही बदल केला असेल आणि पॅकेजवाल्याने काहीच केलं नसेल, तर तुमची फाइल गुपचूप राहते. दोघांनीही बदल केला असेल तरच तो थांबून विचारतो. तुमच्या यंत्रावर तुम्ही केलेला बदल अपग्रेडमध्ये पुसला जाता कामा नये, असं डेबियनच्या धोरणातच लिहिलेलं आहे. मालकाच्या हाताचा इतका मान राखणारा नियम संगणकाच्या जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. विंडोजचं बघा. मोठ्या अपग्रेडनंतर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात जातं आणि दहा दिवसांनी साफ होतं. फाइल-फाइल विचारण्याची तिथे पद्धत नाही.

पण या चांगल्या नियमात एक खोच आहे. डीपीकेजी जुन्या मूळ फाइलीचा फक्त चेकसम ठेवतो, ती फाइल ठेवत नाही. त्यामुळे डी दाबलं की तुमची फाइल आणि नवी फाइल शेजारी येतात, आणि त्यांतला कुठला फरक तुम्ही केलेला, कुठला त्यांनी केलेला, हे त्यावरून कळत नाही. छापखान्यातल्या माणसाला हे लगेच समजेल: दोन प्रुफं हातात आहेत, दोन्हींवर खुणा आहेत आणि मूळ प्रत हरवलेली आहे. मनोज श्रीवास्तव या डेबियनच्या जुन्या विकासकाने यूसीएफ नावाचं साधन लिहिलं, ते मूळ प्रतही जपून ठेवतं आणि तिन्ही जुळवून एक फाइल करून देण्याचा पर्याय देतं. ज्या पॅकेजांनी ते वापरलं त्यांचं काम सोपं झालं. बाकीच्यांच्या बाबतीत मूळ प्रत आपल्या डोक्यात असावी लागते, किंवा कुठेतरी लिहून ठेवलेली.

आता सांबाची गोष्ट, कारण दुकानांत सगळ्यात जास्त गोंधळ हीच फाइल घालते. लिनक्सवरचा फोल्डर शेजारच्या विंडोजवाल्या यंत्राला दिसावा म्हणून सांबा लागतं. कुठला फोल्डर कोणाला दिसावा, कोणाला लिहिता यावा, हे ‘एसएमबी डॉट कॉन्फ’ या एका फाइलीत असतं. २०१९ मध्ये आलेल्या सांबा ४.११ ने एसएमबी१ हा जुना प्रोटोकॉल मुळातच बंद ठेवला. तो बंद व्हायलाच हवा होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो विंडोजच्या याच एसएमबी१ मधल्या भोकातून. पण उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेलेल्या दुकानात याचा परिणाम वेगळाच दिसतो: जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेलं पान फोल्डरात टाकायचं, ते टाकेनासं होतं, कारण त्या मशीनला एसएमबी१ शिवाय दुसरं काही येत नाही. मग कोणीतरी येतो, फाइलीत एक ओळ घालतो, ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’च्या पुढे ‘एनटी१’ लिहितो, मशीन सुरू होतं, पैसे घेतो, जातो.

ही ओळ पुढे काय करते ते बघा. मशीन भंगारात जातं. त्याच्या जागी नवं येतं, त्याला एसएमबी१ ची गरजच नसते. २२.०४ येतं, प्रश्न येतो, एंटर. २४.०४ येतं, प्रश्न येतो, एंटर. बंद केलेलं जुनं दार एका मेलेल्या मशीनसाठी उघडंच राहतं, आणि त्याच जाळ्यात गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांच्या प्रती, शाळांच्या प्रश्नपत्रिका, बँकेचे कागद पडलेले असतात. छापखान्यात प्रश्नपत्रिका येते ती विश्वासाने येते. जो माणूस टेबलावरची प्रश्नपत्रिका उलटी करून ठेवतो, त्याच्या यंत्रावरचं दार मात्र उघडं असतं आणि त्याला ते माहीतही नसतं. दोष त्याचा नाही. ज्याने ती ओळ घातली आणि शेजारी कारण लिहिलं नाही, त्याचा आहे.

वाय दाबणाऱ्यांची अवस्था याच्या उलट. नवी कोरी फाइल बसते, भोक बुजतं आणि दुकानाने वाटलेले फोल्डरही नाहीसे होतात. दुसऱ्या टेबलावरचा ऑपरेटर ओरडतो, ‘जॉब दिसत नाही’. मग धावपळ, मग नवा माणूस, मग ‘फॉरमॅट मारून देतो’. कशासाठी? जुनी फाइल कुठे गेलेली नसते. ती त्याच जागी, नावाला ‘डीपीकेजी-ओल्ड’ असं शेपूट लावून ठेवलेली असते. एंटर दाबलं असेल तर उलट: न घेतलेली नवी फाइल ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटासह शेजारीच पडलेली असते. यूसीएफवाल्या फाइलींना ‘यूसीएफ-ओल्ड’ आणि ‘यूसीएफ-डिस्ट’ अशी शेपटं लागतात, सांबाची फाइल यांतलीच. फेडोरावर ‘आरपीएमन्यू’ आणि ‘आरपीएमसेव्ह’, आर्चवर ‘पॅकन्यू’. म्हणजे घाईत दिलेलं उत्तर अपग्रेडनंतरही सुधारता येतं. फॉरमॅटची भाषा करणाऱ्याला आधी विचारा: यंत्राच्या सेटिंग-फाइली असतात त्या ईटीसी फोल्डरात शेपूटवाल्या फाइली शोधल्यास का? नाही म्हणाला तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

ही झाली विचारून होणारी बाब. न विचारता होणारी आता.

घरच्या फोल्डरातल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या, लपलेल्या फाइलींना अपग्रेड हात लावत नाही आणि त्यांच्याबद्दल काही विचारतही नाही. त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. मराठीचं काम करणाऱ्याला खरा फटका इथे बसतो. लोहित हे रेड हॅट कंपनीचे मुक्त भारतीय फॉन्ट. पुण्यातल्या तिच्या अभियंत्यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळले. एकेकाळी त्यांत ‘लोहित मराठी’ असा वेगळा फॉन्ट होता, नंतर तो ‘लोहित देवनागरी’त सामावला. पुढे फेडोराने २०२२ मध्ये, ३६ व्या आवृत्तीत, बहुतेक भाषांसाठी नोटो हे मूळ फॉन्ट ठरवले. आता समजा कोणी पूर्वी आपल्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये ‘मराठीसाठी लोहित मराठी’ असं लिहून ठेवलंय. अपग्रेडनंतर त्या नावाचा फॉन्टच यंत्रावर नाही. यंत्र काय करतं? काहीही बोलत नाही. हाताला लागेल तो दुसरा देवनागरी फॉन्ट लावतं आणि पुढे जातं. ओळींची लांबी बदलते, पान सरकतं, पत्रिकेच्या शेवटच्या ओळीतलं ‘निमंत्रक’ पुढच्या पानावर उतरतं.

शिवाय मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’. अनेक देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण निघतं. भाषेची नोंद हिंदी झाली की हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ छापून येतात. बेंगळुरूत बसलेल्या कन्नडभाषक ऑपरेटरला हा फरक दिसणार नाही, दिसायची अपेक्षाही नको. गिऱ्हाईक मात्र पत्रिका हातात घेतं आणि म्हणतं, हे आपलं वाटत नाही. एवढ्या दूर, एवढ्या पिढ्या मराठी टिकवलेल्या घराच्या पत्रिकेत मराठी अक्षर मराठी वळणाचंच उमटायला हवं. ही मागणी मला मुळीच बारीक वाटत नाही.

कीबोर्डचं तसंच. लिनक्सच्या मांडण्यांच्या यादीत मराठीसाठी एक कगप मांडणी आहे. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी हे कन्नड टंकनाचं सॉफ्टवेअर तयार करणारी बेंगळुरूचीच संस्था. इंग्रजी के दाबला की कन्नडमध्ये ‘क’, मराठीतही ‘क’, एफ दाबला की दोन्हीकडे हलन्त. ज्याची बोटं नुडीवर बसली आहेत तो मराठी शिकवणीशिवाय टाइप करू शकतो. कन्नडची मांडणी मराठीच्या कामी यावी, यापेक्षा या शहराला शोभणारी गोष्ट कुठली? पण तिची नोंद दोन ठिकाणी असू शकते: एक सगळ्या यंत्रासाठीच्या कीबोर्ड-फाइलीत, दुसरी त्या-त्या वापरकर्त्याच्या डेस्कटॉप-सेटिंगमध्ये. गनोम डेस्कटॉप आत शिरल्यावर दुसरी मानतो. म्हणून लॉगिनच्या पडद्यावर एक मांडणी आणि आत वेगळी, असा घोळ होतो, आणि माणूस पहिली फाइल पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो. अपग्रेडबरोबर डेस्कटॉप एक्स-ऑर्गवरून वेलँडवर गेला असेल, तर जुन्या ‘एक्स-मॉडमॅप’मध्ये फिरवलेल्या कळाही चालत नाहीत. फाइल जागेवर असते, तिच्यात चूक नसते, ती वाचणारं कोणी उरलेलं नसतं.

आणि लिबरऑफिस. २०२४ पासून त्याच्या आवृत्त्या २४.२ अशा वर्ष-महिन्याने मोजल्या जातात, पण तुमची सगळी सेटिंग्ज अजून ‘४’ नावाच्या फोल्डरात राहतात, २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून. त्याच फोल्डरात तुमचे साचे असतात, तुम्ही शिकवलेल्या आपोआप दुरुस्त्या असतात, आणि ‘वर्डबुक’ नावाच्या उपफोल्डरात तुम्ही शब्दकोशात घातलेला प्रत्येक शब्द असतो. अपग्रेडनंतर लिबरऑफिस अडखळू लागलं की सर्रास सल्ला मिळतो: तो फोल्डर उडवा, नवा तयार होईल. होतो. पण वर्षानुवर्षं टेबलावर बसून घातलेली आडनावं, गावांची नावं, देवळांची नावं, मंडळांची नावं त्याबरोबर जातात. हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी मराठी शुद्धलेखन तपासणीच्या लाल रेघांत पान पाहावं. उडवायचं असेल तर फोल्डराचं नाव बदला, नवा तयार होऊ द्या, आणि वर्डबुक, साचे, दुरुस्त्या जुन्यातून उचलून नव्यात आणा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट: जुन्या लांबलचक फाइलीत ओळ खुपसू नका. बऱ्याच प्रोग्रॅमांनी आता शेवटी ‘डॉट डी’ असलेला फोल्डर दिलेला आहे. फॉन्टांना आहे, एसएसएचला आहे, सुडोला आहे, सिस्टमडीला तर जागोजागी आहे. तिथे आपली दोन ओळींची स्वतंत्र फाइल ठेवा. पॅकेजची फाइल पॅकेजची, तुमची फाइल तुमची, मग विचारायचा प्रश्नच उरत नाही. सांबाला असा फोल्डर नाही, पण ‘इन्क्लूड’ लिहून दुसरी फाइल जोडता येते. ओपनसुसेची मंडळी याच्याही पुढे जाऊन कारखान्याची सेटिंग्ज ‘यूएसआर’मध्ये आणि ईटीसी फक्त मालकासाठी अशी वाटणी करत आहेत. बाकीच्यांनीही लवकर तेच करावं. मध्यरात्री चाललेल्या अपग्रेडने दुकानदाराला इंग्रजीत कोडं घालणं हा कसला आदरसत्कार?

दुसरी: कारण लिहा. ओळीच्या वर हॅशचं चिन्ह टाकून मराठीत, कन्नडमध्ये, जमेल त्या भाषेत. ‘जुन्या झेरॉक्स मशीनसाठी, मशीन गेलं की ही ओळ काढा.’ तारीख घाला. एवढं असतं तर ते दार उघडं राहिलं नसतं. डी दाबल्यावर दिसणाऱ्या गर्दीत आपली ओळ कुठली, हेही या एका टिपणीने कळतं.

तिसरी: ईटीसीकीपर बसवा. जोई हेस या विकासकाचं हे साधन ईटीसी फोल्डराचा इतिहास गिटमध्ये ठेवतं आणि पॅकेज बसवण्याआधी-नंतर आपणहून नोंद करतं. हरवलेली मूळ प्रत परत मिळते ती इथे. घरच्या फोल्डराचा बॅकअप वेगळा घ्या, लपलेल्या फाइलींसकट. फाइली निवडून पेन ड्राइव्हवर ओढताना लपलेल्या मागे राहतात.

आणखी एक गोष्ट. उबुंटूचं अपग्रेड बाहेरच्या पॅकेज-याद्या बंद करून पुढे जातं. प्रिंटरचा ड्रायव्हर तिथून घेतला असेल तर तो पुढे अद्ययावत होत नाही. अपग्रेड झाल्यावर त्या याद्या उघडून, नव्या आवृत्तीसाठी त्या आहेत का ते पाहून, एकेक सुरू करा. सरसकट नको.

उबुंटू २२.०४ चा नेहमीचा पाठिंबा २०२७ मध्ये संपतो. ज्यांच्या टेबलावर ते आहे त्यांनी लगीनसराई संपली की अपग्रेडला बसावं, सराईच्या ऐन गर्दीत नव्हे. दुकान बंद असेल तो दिवस निवडा, आधी बॅकअप घ्या, सांबाची फाइल कागदावर छापून शेजारी ठेवा, प्रश्न आला की डी दाबा आणि पेन हातात घेऊन वाचा.